बेतणें आणि शिवणें

मराठींत कापड आधीं बेतलें जातें आणि मग शिवलें जातें. बेत हा शब्द आपण जेवणालाही लावतों आणि प्रवासालाही लावतों. कापडाच्या बाबतींत मात्र त्याचा अर्थ अगदीं नेमका आहे. कात्री चालविण्यापूर्वीं, या तुकड्यांतून कोणत्या अंगाचा, कोणत्या सोयीचा आणि कोणत्या घाटाचा पोषाख निघावा याचा जो निश्चय, तो बेत. शिवणें ही त्या निश्चयाची अंमलबजावणी. स्वतःचे कपडे स्वतः शिवल्यानें माणसाची स्वतंत्र तऱ्हा तयार होते, असें पुष्कळदां ऐकूं येतें. तें खोटें नाहीं. परंतु ती तऱ्हा टांक्यांत असते कीं बेतांत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रीच्या चोळीचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर मिळतें, आणि तो प्रश्न केवळ शोभेपुरता नव्हता हेंही ध्यानांत येतें.

या इतिहासाचीं साधनें थोडीं. सनदा, महजर, वहिवाटीचे कागद पेटींत घालून ठेवणाऱ्या आपल्या समाजानें जुनी चोळी कांहीं जपली नाहीं. ती विटली कीं वाकळींत जाई, आणि वाकळ विरली कीं तिचें पोतेरें होई. राहिलीं तीं मुख्यतः चित्रें. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, आणि त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर लागल्या. पुढें महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं, हिंदुस्थानांतील स्त्रियांवरील एका इंग्रजी ग्रंथासाठीं काढलेल्या व १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या चित्रांत, जातिपरत्वें आणि प्रांतपरत्वें वस्त्रांच्या तऱ्हा टिपल्या. यांतील एक गंमत सांगण्याजोगी आहे. न शिवलेलें वस्त्र धर्मकृत्यास अधिक शुद्ध, ही आपली जुनी समजूत. आणि रविवर्म्याच्या तसबिरींतील देवीच्या अंगांत मात्र व्यवस्थित बेतून शिवलेली चोळी! सोंवळ्यानें तिची पूजा करणाऱ्यांस हा विरोध कधीं खुपला असेल असें वाटत नाहीं.

लुगड्यास सुईची गरज नसे. नऊ वार कापड, तें नेसावयाचें. त्यांतलें कौशल्य सारें निऱ्यांचें आणि कासोट्याचें. अंगावर शिवलेली अशी एकच वस्तु, ती चोळी. तिच्यासाठीं खण येई तो पुष्कळदां गुळेदगुड्डचा. पूर्वीं विजापूर जिल्ह्यांत मोडणाऱ्या आणि आतां बागलकोट जिल्ह्यांत असलेल्या या गांवचे विणकर चोळीचेंच कापड म्हणून, दोन्ही बाजूंस कांठ धरून, खण विणीत. म्हणजे निम्मा बेत मागावरच होऊन गेलेला असे. कांठ बाहीच्या टोकास यावयाचा, पुढचे दोन भाग छातीखालीं गांठीनें बांधावयाचे, बटणाचें नांव नाहीं. मग घरच्या बाईच्या हातीं उरे काय? उरे तें थोडें, पण मोलाचें. काखेखालीं बसवावयाची कळी लहान कीं मोठी, यावर दळतांना आणि विहिरीचें पाणी ओढतांना हात मोकळा राहणार कीं चोळी उसवणार, हें ठरे. गळा किती खोल असावा, बाही कोपराच्या किती वर थांबावी, कळी त्याच खणांतून काटकसरीनें काढावी कीं दुसऱ्या रंगाचा तुकडा लावून तिची शोभा करावी, हे निर्णयही तिचेच. जिला स्वतः बेततां येई तिची चोळी तिच्या अंगाची असे. जिला येत नसे ती शिंप्याकडे जुनी चोळी धाडी. परपुरुषानें अंगाचें माप घेणें शिष्टसंमत नव्हतें, म्हणून मापाची चोळी हेंच माप. परिणाम असा कीं, शिंपी कितीही कसबी असला तरी त्याला जुन्या चोळीचीच नक्कल करावी लागे. बाईचें अंग बदले, काम बदले. चोळी मात्र आपल्या आजीवर जाई.

खरी मोकळीक होती ती तान्ह्या मुलांच्या कपड्यांत. बाळंतविड्यांतलीं झबलीं, टोपडीं, कुंच्या आणि दुपटीं जुन्या मऊ लुगड्यांतून घरींच निघत. मूल तक्रार करीत नसे, लोक नांवें ठेवीत नसत, आणि बिघडलें तरी कापड जुनेंच. त्यामुळें हात धजे. कुंचीला झालर लावून पाहावी, टोपड्यावर कशिदा काढावा, झबल्याचा बंद पाठीवरून खांद्यावर आणावा, असे प्रयोग चालत. कितीतरी स्त्रिया बेतणें शिकल्या त्या या वीतभर अंगावर.

याच घरांत एक स्त्री अशी असे कीं जिला चोळीच नव्हती. ब्राह्मणांत आणि त्यांचें वळण गिरविणाऱ्या इतर कांहीं कुटुंबांत केशवपन झालेल्या विधवेनें चोळी घालावयाची नाहीं, आलवणाचा पदर डोक्यावरून घेऊन तेवढ्यानेंच अंग झांकावयाचें, असा दंडक होता. घरांतलें शिवणटिपण मात्र तिला वर्ज्य नव्हतें. उलट दुपारचा वेळ तिच्याकडे रिकामा असतो अशी सर्वांची सोयीस्कर समजूत असे. लेकीसुनांच्या चोळ्या आणि नातवंडांचीं अंगडीं ज्या हातांतून जात, त्या हातांना स्वतःच्या अंगासाठीं एक टांका घालण्याची मुभा नसावी, ही गोष्ट आपल्या वस्त्रेतिहासाच्या मध्यभागीं बसलेली आहे. फॅशनचा इतिहास लिहिणारे तिला ओलांडून पुढें जातात, तें मला बरें वाटत नाहीं.

घराचा उंबरठा ओलांडण्याची वेळ आली तेव्हां सधवेपुढेंही हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. त्याची एक ठळक कथा मुंबईशीं निगडित आहे, जरी तिची नायिका बंगाली आहे. आय. सी. एस. परीक्षा उतरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर यांची १८६४ सालीं मुंबई इलाख्यांत नेमणूक झाली, आणि त्यांनीं पत्नीस, ज्ञानदानंदिनी देवींना, बरोबर आणण्याचें ठरविलें. त्या काळच्या बंगाली कुलस्त्रिया अंतःपुरांत नुसती साडी गुंडाळीत; बाहेर पडण्याजोगा पोषाख त्यांना ठाऊकच नव्हता. म्हणून कलकत्त्याच्या एका फ्रेंच दुकानाकडून त्यांच्यासाठीं एक 'पौर्वात्य' पोषाख मुद्दाम शिवून घेण्यांत आला. तो इतका अवघड झाला कीं दुसऱ्याच्या मदतीवांचून अंगांत घालतां येईना. मुंबईस आल्यावर एका पारशी कुटुंबाच्या सहवासांत त्यांनीं पारशी स्त्रियांची साडीची पद्धत पाहिली, तींत आपल्या सोयीप्रमाणें फेरफार केला, आंत पोलकें आणि परकर घेतला, आणि बंगाल्यांत परतल्यावर इतर स्त्रियांनाही ही पद्धत शिकविली. फ्रेंच शिंप्याचा टांका निःसंशय उत्कृष्ट असेल. पण जिच्यासाठीं तो घातला तिला, तूं चालणार कशी आणि बसणार कशी, हें त्यानें विचारलेलें नव्हतें.

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या तेव्हां त्यांच्यापुढेंही हीच अडचण आली. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाची थंडी कांहीं कल्याणची नव्हे. त्यांनीं विलायती झगा घातला नाहीं. गुजराती पद्धतीनें साडी नेसून त्यांनीं मार्ग काढला. १८८५ सालच्या प्रसिद्ध छायाचित्रांत एका जपानी आणि एका सीरियन सहाध्यायिनीशेजारीं त्या आपल्याच वेषांत दिसतात.

एवढ्या काळांत यंत्र आलें होतें. फ्रान्समध्यें थिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, तर पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याचीं यंत्रें मोडून टाकलीं. अमेरिकेंत हाऊ यानें १८४६ सालीं आणि सिंगर यानें १८५१ सालीं पेटंटें मिळविलीं. सिंगरच्या कंपनीनें १८५६ पासून हप्त्यानें यंत्र देण्याची युक्ति काढली आणि तें मध्यम स्थितीच्या घरांत शिरलें. आपल्याकडे जाजमावर बसून एका हातानें फिरवावयाचें हातयंत्र विशेष रुळलें. १९२४ सालीं गांधीजींना यंत्रविरोधाविषयीं प्रश्न विचारण्यांत आला असतां त्यांनीं सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटीं सिंगरनें तें शोधून काढलें, असें त्यांचें म्हणणें. खरा सिंगर असा पत्नीव्रती नव्हता. त्याचे एकाच वेळीं एकाहून अधिक संसार चालू होते, आणि त्याचें लक्ष मुख्यतः पैशावर होतें. तथापि कष्ट वांचले हें खरेंच. हातानें तासन् तास चालणारी टीप आतां घटकेंत होऊं लागली.

पण यंत्र टांका देतें, बेत देत नाहीं. ती उणीव भरून काढली ती कागदानें. इंग्लंडांत बीटन यानें १८५२ सालीं सुरू केलेल्या स्त्रियांच्या मासिकांतून पुढें कपड्यांचे आराखडे येऊं लागले, आणि अमेरिकेंत बटरिक नांवाच्या शिंप्यानें १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कापलेले कागदी नमुने विक्रीस काढले. म्हणजे बेतही पाकिटांत घालून विकत मिळूं लागला. खेड्यांतल्या स्त्रीला शहरी घाटाचा पोषाख घरीं शिवतां येऊं लागला, ही त्याची एक बाजू. सहस्रावधि स्त्रिया आपापल्या हातांनीं एकच पोषाख शिवूं लागल्या, ही दुसरी. स्वहस्तें शिवलेलें तें स्वतंत्र, हा सिद्धान्त येथें लंगडा पडतो.

आपल्या स्त्रियांना हें पाकीट एका अर्थीं उपयोगी पडलें नाहीं, आणि तें इष्टच झालें. त्यांत झग्यांचे नमुने होते. लुगड्यावर घालावयाच्या चोळीचा नव्हता. त्यामुळें पोलकें आपल्या स्त्रियांना स्वतःच घडवावें लागलें. पोल्का नृत्यावरून युरोपांत बायकांच्या एका आखूड जाकिटाला तेंच नांव पडलें होतें, तोच शब्द आपल्याकडे आला असावा. मात्र त्याखालचा घाट आपला: गांठीऐवजीं बटणें, कमरेपर्यंत लांबी, बाही थोडी सैल. हें बेतण्याचें शास्त्र शिकविलें तें मुख्यतः स्त्रियांच्या संस्थांनीं. मिशनच्या मुलींच्या शाळांत सुईकाम पूर्वींपासून होतें. पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत तें उपजीविकेचें साधन झालें. मुंबईस १९०८ सालीं आणि पुण्यास १९०९ सालीं सेवासदन निघालें, आणि पुण्याच्या सेवासदनांत रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखालीं शिवणाचा वर्ग चालूं लागला. अशा वर्गांतून जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीनें आराखडा काढावयाचा, छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यावयाचा, त्यांत बोट दोन बोटें सैली धरावयाची, असें शिक्षण मिळे. माप आतां बाईच बाईचें घेई. मापाच्या जुन्या चोळीची सत्ता संपली ती येथें. रस्त्यावरच्या वादांत नव्हे, वर्तमानपत्राच्या त्या कागदावर.

आणि त्या वर्गांतून विधवा बसत. रमाबाई स्वतः १९०१ पासून विधवा होत्या. चार पैसे मिळावे, दिरा-भावांच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये, हा तेथें येण्याचा उघड हेतु. परंतु जिला चोळीच नाकारलेली, तिच्या हातांत फीत आणि कात्री देणें याचा अर्थ केवळ धंदा शिकविणें इतकाच होत नाहीं. या स्त्रियांपैकीं कितीजणींनीं पुढें पांढऱ्या कापडाचें कां होईना, आपलें स्वतःचें पोलकें बेतलें, याची नोंद कोणत्याही अहवालांत सांपडावयाची नाहीं. कोणत्या टांक्यास सुधारणा म्हणावें हें अहवाल लिहिणाऱ्यांस ठाऊक नसतें.

पुढचा काळ परिचयाचा आहे. १९४३ सालीं सरकारनें कापडावर नियंत्रण घातलें, तेव्हां जुन्या लुगड्यांतून परकर आणि परकरांतून पोलकीं काढणाऱ्या हातांना पुन्हां मान आला. मग पांचवारी साडी रुळली, साडीलाच जोडून तिच्या रंगाचा तुकडा येऊं लागला, आणि बेताचा निम्मा भाग पुनः विणणाराकडे गेला. चोळीच्या खणाचें काय झालें म्हणाल, तर तो अजून विकला जातो, विशेषतः ओटी भरण्यासाठीं. त्रिकोणी घडी घालून नारळाबरोबर तो एका ओटींतून दुसऱ्या ओटींत जातो, कपाटांत राहतो, पुढच्या हळदीकुंकवाला पुन्हां बाहेर निघतो. आणि असे किती खण कात्री न लागतांच घरोघर फिरत असतील, तें त्या कपाटांनाच ठाऊक.