हिमालयातला पराभव आणि दिल्लीतला राजीनामा

भातं झोडून झाली, पेंढाही रचून झाला. आता हाताला थोडी सवड आहे, म्हणून आज एक जुनी गोष्ट काढते. ती आहे १९६२ सालची. घडली हिमालयात आणि दिल्लीत, पण तिचा एक धागा आपल्या खोऱ्यातल्या घराघरापर्यंत आलेला आहे.

आमच्या घरी ट्रंकेत चांदीचा एकच गोठ आहे. गोठ म्हटलं की जोडी हवी. नवी सून म्हणून आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, ‘दुसरा कुठाय?’ त्या म्हणाल्या, ‘लढाईला दिला.’ चीनची लढाई सुरू झाली तेव्हा गावच्या शाळेत सभा भरली होती. जवानांना थंडीत अंगावर कपडे नाहीत, असं तिथं कुणी तरी सांगितलं. बायका उठल्या आणि जे अंगावर होतं ते काढून द्यायला लागल्या. सासूबाईंनी एक गोठ दिला, एक ठेवला. पुढं त्या मला नेहमी म्हणायच्या, ‘दिल्याचं दुःख नाही गं. पण कपडे आधी का नव्हते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.’ आजची गोष्ट त्यांच्या या प्रश्नाची आहे.

त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन. माणूस केरळचा, पण लोकसभेवर निवडून यायचा आपल्या मुंबईतून, उत्तर मुंबई मतदारसंघातून. १९ डिसेंबर १९६१ला गोवा पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटला, तेव्हा संरक्षण खातं मेनन यांच्याकडेच होतं. मराठी मुलखात त्यांचा केवढा जयजयकार झाला! दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२च्या निवडणुकीत, त्यांच्यासमोर आचार्य कृपलानींसारखे मोठे पुढारी उभे होते. मेनन यांनी त्यांना फार मोठ्या फरकानं हरवलं.

आणि त्याच वर्षी दिवाळी तोंडावर आली असताना, २० ऑक्टोबरला पहाटे, चीनच्या फौजा हिमालयात दोन्हीकडून चालून आल्या. पूर्वेला आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो तिथं, आणि पश्चिमेला लडाखमध्ये. चार-पाच दिवसांत तवांग गेलं. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी पुकारली गेली. स्वतंत्र भारतातली ती पहिली आणीबाणी.

हळूहळू खरं बाहेर यायला लागलं. आपले जवान हजारो फूट उंचीवर, बर्फाळ थंडीत, सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून लढत होते. हातात होत्या जुन्या रायफली, आणि गोळ्याही मोजक्या. तिथपर्यंत धड रस्ता नव्हता. सामान विमानातून टाकायचं, आणि त्यातलं बरंच दरीत जायचं. पावसाळ्यात तोरण्याच्या किंवा राजगडाच्या वाटेवर डोक्यावर ओझं घेऊन चढलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. वर माणूस पाठवायचा तर त्याच्यामागून शिधा आणि पांघरूण पोचलं पाहिजे. नाहीतर त्याला पाठवू नये.

लोकांचा संताप उसळला. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लोक देशासाठी लढण्याच्या विरोधात नव्हते. राग होता तो तयारीविना जवानांना पुढं लोटल्याचा. संसदेत विरोधी पक्ष मेनन यांच्या राजीनाम्याची मागणी करत होतेच, पण खुद्द काँग्रेसचे खासदारही पंतप्रधान नेहरूंकडे जाऊन तेच सांगू लागले. नेहरू आणि मेनन यांची जुनी दोस्ती. नेहरूंनी त्यांना सांभाळायचा प्रयत्न केला. ३१ ऑक्टोबरला त्यांनी संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं आणि मेनन यांना संरक्षण उत्पादनाचं लहान खातं दिलं. लोकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. अखेर ७ नोव्हेंबरला राजीनामा मंजूर झाला.

आता देशभरातून काय बोललं गेलं ते बघा. एक गट म्हणाला, बरं झालं, सुटलो. हा मंत्री सेनापतींचं ऐकत नव्हता. त्याच्याशी न पटल्यानं १९५९ साली खुद्द लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला होता, मग नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागं घेतला. शिवाय लढाईचा अनुभव नसलेल्या माणसांना वरच्या जागा दिल्या, असाही आरोप होता.

दुसरा गट म्हणाला, एकट्याच्या डोक्यावर खापर का फोडता? मेनन पैसे मागत होते, अर्थखातं हात आखडत होतं. चीन हल्ला करणार नाही, असं तर सगळंच सरकार मानून चाललं होतं. सीमेवर पुढं पुढं चौक्या टाकायचं धोरण एकट्या मेनन यांचं नव्हतं, त्याला पंतप्रधानांची संमती होती. मेनन यांच्या पदरात चांगलं कामही होतं. देशात दारूगोळा आणि शस्त्रं बनावीत म्हणून ते झटले. सैनिक शाळांची कल्पना त्यांच्याच काळातली. त्यातली देशातली पहिली शाळा २३ जून १९६१ला आपल्या शेजारी साताऱ्यात सुरू झाली.

दोन्ही गटांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण राजीनाम्यानंतर काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

मंत्री गेला, म्हणून काही सीमेवरचे कॅनव्हासचे बूट बदलले नाहीत. राजीनाम्यानंतर दहा-बारा दिवसांतच चीनचा दुसरा, मोठा हल्ला आला. १८ आणि १९ नोव्हेंबरला सेला आणि बोमडिला ही महत्त्वाची ठाणी पडली. लडाखमध्ये रेझांग ला इथं मेजर शैतान सिंग आणि त्यांचे शंभराहून जास्त जवान जागचे हलले नाहीत, लढता लढता गेले. या लढाईत आपले १,३८३ जवान मारले गेले, जवळजवळ १,७०० बेपत्ता झाले आणि चार हजारांच्या आसपास कैदी झाले, असे सरकारी आकडे आहेत. लष्करप्रमुख थापर यांनीही पद सोडलं.

तेव्हा नेहरूंनी हाक दिली ती आपल्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना. देवराष्ट्रे गावात जन्मलेला, विठाबाई नावाच्या विधवा आईनं कष्टानं वाढवलेला हा माणूस. मुंबईची गादी सोडून ते दिल्लीला गेले आणि २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तुम्ही शाळेत ऐकलं असेल, ते याच प्रसंगाचं. ऐकून छाती फुगते. पण चव्हाण पोचले तेव्हा लढाई थांबली होती. त्यांच्या वाट्याला आलं ते मागचं निस्तरण्याचं काम. मान खाली गेलेल्या फौजेला उभं करायचं, डोंगरात लढणाऱ्या नव्या तुकड्या बांधायच्या, सेनापती आणि मंत्री यांच्यातला तुटलेला विश्वास जोडायचा. हे काम त्यांनी गाजावाजा न करता केलं. १९६५ साली पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा त्याचं फळ दिसलं.

चुकलं कुठं, याचीही चौकशी झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी ती केली. २ सप्टेंबर १९६३ला चव्हाणांनी संसदेत तिचं सार सांगितलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकूम देण्याची पद्धत, जवानांची तब्येत, अधिकाऱ्यांची कुवत, अशा सगळ्या बाजूंनी तपासणी झाली होती. पण तो अख्खा अहवाल सरकारनं अजूनही लोकांसमोर ठेवलेला नाही. साठ वर्षं उलटून गेली. मंत्र्याचा राजीनामा लोकांना पंधरा-वीस दिवसांत मिळाला, हिशेबाची वही मात्र बंदच राहिली.

अमेरिकेतही असंच घडलं. इराकची लढाई लोकांना नकोशी झाली होती. नोव्हेंबर २००६मध्ये निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला फटका बसला आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. लोकांना हायसं वाटलं. पण अमेरिकेच्या फौजा इराकमधून बाहेर पडल्या त्या २०११च्या शेवटी. मधली पाच वर्षं तिथं माणसं मरतच होती.

मग राजीनामा बिनकामाचा असतो का? नाही, मैत्रिणींनो. १९५६ साली तमिळ मुलखात मोठा रेल्वे अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी पद सोडलं. गाडी काही त्यांनी चालवली नव्हती. पण खातं माझं, तर जबाबदारीही माझी, असं त्यांनी मानलं. असा राजीनामा लोकांचा विश्वास टिकवतो. पण तो सुरुवात असला पाहिजे. राजीनाम्यानंतर वही उघडली, तर त्याचा उपयोग.

हे मी शिकले ते आमच्या बचत गटात. काही वर्षांमागं हिशेबात अकराशे रुपयांची तूट आली. आम्ही सगळ्या सचिव बाईवर तुटून पडलो. ती रडली, राजीनामा दिला, आम्ही नवीन सचिव केली आणि चहा पिऊन घरी गेलो. सहा महिन्यांनी पुन्हा तूट! मग वही घेऊन बसलो तेव्हा कळलं, चूक आमच्या पद्धतीतच होती. उशिरा येणारीचा हप्ता आम्ही तोंडी सांगून घेत होतो, वहीत चढवायचं राहून जात होतं. पावती पुस्तक होतं, पण फाडत कुणी नव्हतं. आधीची सचिव बाई आजही समोर आली की मला मान वर करवत नाही.

आता ज्यांनी सोनं-चांदी दिली, त्यांचं पुढं काय झालं? जानेवारी १९६३मध्ये सरकारनं सोनं नियंत्रणाचा हुकूम काढला. चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला, कित्येक घरांच्या चुली थंडावल्या. लढाईची किंमत अशी झिरपत झिरपत खाली येते.

आणि मेनन? १९६७ला काँग्रेसनं त्यांना मुंबईतून तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे लवकरच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या बहीण तारा सप्रे उभ्या राहिल्या, त्यांनीही मेनन यांना हरवलं. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्याच मुंबईकरांनी दोनदा नाकारलं.

आपल्या वेल्ह्यातल्या जुन्या माणसांना जवान परके नव्हते. लढाईच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ला, पानशेतचं धरण फुटलं. ते फुटू नये म्हणून लष्कराचे जवान भर पावसात मातीची-वाळूची पोती रचत होते. त्या धरणाच्या वेळीही लोक हेच विचारत होते, की काम अर्धवट असताना पाणी का अडवलं? वर्ष उलटतं न उलटतं तोच हिमालयाबद्दल तसाच प्रश्न आला. सासूबाई शाळा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं.

म्हणून सांगते. ग्रामसभेत, गटात, सोसायटीत कुणी चुकलं की ‘काढा याला’ म्हणायला वेळ लागत नाही. काढायचं असेल तर जरूर काढा, पण त्याच बैठकीत वही मागा. कुठं चुकलं, कुणाकुणाला माहीत होतं, पुढं काय बदलणार, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाही विचारून बघा, बासष्ट साली त्यांनी काय दिलं होतं. त्या ऐकायला माणूस शोधत असतात.

आमच्या ट्रंकेतला तो एक गोठ मी मोडणार नाही. माझी सून विचारेल, दुसरा कुठाय? तेव्हा मी तिला सासूबाईंचा प्रश्नही सांगेन.