आंबोलीत बेडूक बघायला निघालात? आधी तिथल्या पावसाळ्याचा हिशोब समजून घ्या

पाऊस सुरू झाला की इन्स्टाग्रामवर आंबोली दिसायला लागते. आधी धबधब्याखालचे रील्स, मग धुक्यात हरवलेला घाट आणि रात्र झाली की टॉर्चच्या उजेडात तळहातावर बसवलेला हिरवागार बेडूक. अशा व्हिडिओखाली दोन कमेंट हमखास असतात. एक, 'लोकेशन पाठवा'. दुसरी, 'कशाला त्रास देताय त्याला?'

गंमत म्हणजे, दोन्ही लिहिणाऱ्यांना जंगल आवडतंच. मग जंगल बघायला जाणं हे जंगलाच्या फायद्याचं की तोट्याचं? याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं सरळ देता येत नाही. आपण तिथे नेमके कोणत्या दिवसांत जातो आणि तेव्हा जंगलात काय चाललेलं असतं, हे कळलं की उत्तर बरंच स्पष्ट होतं.

आंबोलीला वर्षावन म्हणता येईल का?

वर्षावन म्हटलं की अ‍ॅमेझॉन आठवतं. तिथे थोड्याफार फरकाने वर्षभर पाऊस असतो. आंबोलीचं तसं नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या जवळपास तिप्पट. पण त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे.

त्यामुळे इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित यांच्या मधलं आहे. जांभूळ, अंजनी, पिसा ही इथली मुख्य झाडं. कोरड्या दिवसांतही ती पानं टिकवून धरतात आणि खाली सावली, ओलावा राखतात. जंगलाला लागून जांभ्या दगडाचे उघडे, सपाट कातळ आहेत. कोकणात त्यांना 'सडा' म्हणतात. उन्हाळ्यात सडा पाहिला तर करपलेला माळ वाटतो. पावसात त्याच कातळावर इंच-दोन इंच खोलीची असंख्य डबकी साठतात आणि त्यांच्याभोवती इवल्या फुलांचे गालिचे पसरतात.

केरळ-कर्नाटकातल्या दाट वर्षावनांचंच हे उत्तरेकडचं, जास्त कोरडा काळ सोसणारं भावंड म्हणता येईल. फरक आहे तो वेळेचा. अ‍ॅमेझॉनमधल्या जिवांना जे करायला बरेच महिने मिळतात, ते इथल्या जिवांना पावसाच्या दिवसांत उरकावं लागतं.

त्या चार महिन्यांत काय काय घडतं?

बेडकांचंच उदाहरण घेऊ. त्यांची कातडी पातळ आणि ओलसर असते. पाणी ते कातडीतून शोषतात, श्वासाचाही काही भाग कातडीतूनच घेतात. म्हणजे हवा दमट असेल तरच त्यांना मोकळेपणाने हिंडता येतं.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग, म्हणजे आपला 'उडता बेडूक', एरवी उंच झाडांवर राहतो. पावसाळ्यात तो खाली येतो, कारण त्याला पाण्याच्या वर लोंबणाऱ्या फांद्या हव्या असतात. तिथे नर-मादी पायांनी घुसळून फेसाचं घरटं तयार करतात आणि त्यात अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. खालचं डबकं आटलं किंवा ती फांदी कुणी मोडली, तर सगळी मेहनत वाया.

आंबोली बुश फ्रॉगने वेगळीच युक्ती काढली आहे. त्याची अंडी पाण्याबाहेर असतात आणि त्यातून शेपटीवालं बेडूकपिल्लू न निघता थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो. त्याला डबकं लागत नाही, पण माती आणि पालापाचोळा सतत ओला लागतो. त्याच ओल्या मातीखाली देवगांडूळ राहतो. दिसायला गांडूळ, पण प्रत्यक्षात बेडकांचा नातेवाईक.

आणि या सगळ्यांवर टपून असतो मलबार चापडा. हा विषारी साप एखाद्या फांदीवर किंवा दगडावर तासन्‌तास न हलता भक्ष्याची वाट बघत बसतो. फोटोसाठी काठीने त्याची जागा बदलली, तर त्याची त्या रात्रीची शिकार गेली आणि फोटो काढणाऱ्याचा जीवही धोक्यात आला.

नेमक्या याच चार महिन्यांत आपणही येतो. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. आपल्यासाठी ती एक रात्र असते. बेडकासाठी तो वर्षभरातला मोजक्या रात्रींपैकी एक असतो.

हाताच्या बोटाएवढ्या जिवाची गोष्ट

आंबोलीच्या सड्यांवर एक छोटा भेक राहतो. भेक म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, इंग्रजीतला 'टोड'. याच्या अंगावर पिवळे-नारिंगी पट्टे असतात, म्हणून शास्त्रीय नाव पडलं 'झँथोफ्राइन टायग्रीना'. २००९ मध्ये शास्त्रज्ञ एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी ही जात पहिल्यांदा जगासमोर आणली. आययूसीएनच्या लाल यादीत ती 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे. नामशेष होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी समजली जाते.

तो इतका धोक्यात का? कारण त्याचं जग फार छोटं आहे. आंबोली परिसरातल्या सड्यांच्या अगदी लहानशा टापूतच तो राहतो. पहिले पाऊस पडले की कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. ही डबकी इतकी उथळ असतात की आपल्याला ती पावसाचं साचलेलं पाणी वाटतात. त्यावरून चालताना, गाडी घालताना किंवा सेल्फीसाठी उभं राहताना आपल्या पायाखाली काय आहे, हे कळतही नाही.

दुसरा धोका रस्त्याचा. ओल्या रात्री बेडूक आणि भेक जंगलातून पाण्याकडे निघतात, तेव्हा वाटेत डांबरी रस्ता येतो. गाडीच्या दिव्यात ते सुकलेल्या पानासारखे दिसतात. बेडूक बघायला निघालेली गाडीच वाटेत बेडूक चिरडत जाते, असं इथे सहज घडू शकतं.

कोस्टा रिकाचा सोनेरी भेक

एकाच जागी राहणारा जीव किती पटकन संपू शकतो, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकामधलं आहे. तिथल्या माँतेवेर्दे या ढगांनी वेढलेल्या जंगलात सोनेरी भेक राहायचा. नर झगझगीत नारिंगी. वर्षातले थोडेच दिवस ते जमिनीवर यायचे आणि पावसाच्या छोट्या डबक्यांत अंडी घालायचे. आपल्या आंबोलीच्या भेकासारखेच.

१९८७ मध्ये तिथे दीड हजारांहून जास्त सोनेरी भेक मोजले गेले. त्या वर्षी डबकी लवकर आटली आणि बरीच अंडी सुकून गेली. १९८९ मध्ये फक्त एक नर दिसला. त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये आययूसीएनने ही जात नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

हे जंगल १९७२ पासून राखीव होतं. सोनेरी भेक पर्यटकांमुळे संपला, असं कुणी म्हणत नाही. बदलतं हवामान आणि उभयचरांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी, अशा कारणांकडे शास्त्रज्ञ बोट दाखवतात. मुद्दा वेगळा आहे. जंगलाभोवती कुंपण घातलं तरी इतक्या छोट्या टापूतला जीव एक-दोन वाईट वर्षांत जाऊ शकतो. त्याला दुसरं घर नसतं. म्हणून त्याच्यावरचा जो ताण आपल्या हातात आहे, तेवढा तरी कमी करायला हवा.

कायट्रिड बुरशी आपल्याकडेही आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये ती आढळल्याचं संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे एका पाणवठ्यातल्या चिखलाने माखलेले बूट न धुता दुसऱ्या पाणवठ्यात घालणं टाळलेलंच बरं.

मग जायचंच नाही का?

जायचं. कारण कुणीच गेलं नाही, तर या जंगलाची किंमत कुणाला कळणार? झाडं तोडून, डोंगर खणून पैसा मिळतो, हे सगळ्यांना दिसतं. जंगल उभं ठेवूनही गावात पैसा येतो, हे दिसण्यासाठी होमस्टे, स्थानिक गाइड, खानावळ चालावी लागते.

बघणाऱ्यांमुळे काय होऊ शकतं, याचं उदाहरण आंबोलीतच आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडातला एक छोटा मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेला. त्याचं नाव 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यन यांनी हे संशोधन केलं. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र 'जैविक वारसा स्थळ' म्हणून जाहीर केलं. लोक कितीतरी वर्षं ते कुंड बघत आले होते. कुणीतरी नीट बघितलं आणि त्या जागेला कायद्याचं कवच मिळालं.

कोस्टा रिकाही पर्यटकांना बोलावतो, पण अटी घालून. तिथल्या कोर्कोवादो या वर्षावनाच्या राष्ट्रीय उद्यानात २०१४ पासून गाइडशिवाय प्रवेश नाही. वन्य प्राण्यांना धरून, कवटाळून काढलेल्या सेल्फींविरुद्ध २०१९ मध्ये तिथल्या सरकारने मोहीमच काढली. लोकांनी यावं, पण हात लावू नये, असा साधा संदेश.

बेडूक बघताना काय पाळायचं?

हात लावू नका. आपल्या हातावरचं मीठ, सनस्क्रीन, डास पळवणारं क्रीम बेडकाच्या कातडीतून थेट शरीरात जाऊ शकतं. 'मी हात धुतलेत' हेही पुरेसं नाही, कारण कोरड्या हाताने त्याच्या कातडीवरचा संरक्षक चिकट थर निघतो.

टॉर्च मंद ठेवा आणि थेट डोळ्यांवर धरू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना प्रखर उजेडानंतर पुन्हा नीट दिसायला वेळ लागतो. दोन-चार फोटो झाले की बाजूला व्हा.

डराव डराव ऐकू येत असेल तर थोडं लांबच थांबा. नर मादीला बोलावत असतो आणि त्यासाठी खूप ताकद खर्च करतो. तो गप्प झाला, तर तुम्ही जास्त जवळ गेलात असं समजा.

सड्यावर डबक्यांतून चालू नका, गाडी तर अजिबात घालू नका. दगड उलटू नका, एकावर एक रचूही नका. ते कुणाचं तरी घर असतं.

रात्री घाटात गाडी हळू चालवा. मुसळधार पावसात, अगदी गरज नसेल, तर गाडी लावून पायीच फिरा.

फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. 'आंबोली' पुरे. अमुक वळणावरचं अमुक झाड असं लिहिलं, की दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते आणि त्या गर्दीत प्राणी पकडून विकणाराही असू शकतो.

सहल ठरवताना कोणते प्रश्न विचारायचे?

'इको टूर' हा शब्द कुणीही पोस्टरवर छापू शकतं. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. सोबत गावातला गाइड असेल का? एका गटात किती जण असतील? राखीव जंगलात शिरणार असाल तर वनविभागाची परवानगी आहे का? आणि प्राणी पकडून दाखवता का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो, अगदी हातात देतो' असं उत्तर आलं, तर फोन ठेवा. 'अमुक बेडूक दिसणारच' अशी हमी देणाऱ्यापासूनही सावध राहा. जंगलात हमी द्यायची म्हणजे प्राणी आधी पकडून ठेवणं किंवा रोज रात्री त्याच एका जिवाला गाठणं. चांगला गाइड म्हणतो, 'बघू, पाऊस कसा आहे त्यावर आहे.'

कदाचित तुम्हाला त्या रात्री उडता बेडूक दिसणार नाही. चापडाही नाही. पण टॉर्च बंद करून पाच मिनिटं उभे राहिलात, तर चारी बाजूंनी वेगवेगळे आवाज वेगळे ओळखू यायला लागतील. कुठे टिकटिक, कुठे शिट्टी, कुठे दगडावर दगड घासावा तसा आवाज. त्यातला प्रत्येक जण पुढच्या वर्षीचे बेडूक जन्माला यावेत म्हणून ओरडतोय. ते ऐकून, त्यांना तिथेच सोडून परत येता आलं, तर आपल्या जाण्याने जंगलाचं नुकसान झालं नाही, असं म्हणता येईल.