खांदेरीचें पाणी

कोंकणच्या जुन्या खलाशाला भरतीचें कोष्टक लागत नसे. चालू तिथीची पाऊणपट केली, कीं मुंबईच्या आसपास पूर्ण भरती सुमारें किती वाजतां येणार तें त्याला कळे. चतुर्थीस ३, अष्टमीस ६. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या वेळीं मुंबईस पाणी सुमारें १५ फूट चढतें व उतरतें. दक्षिणेस गोव्याकडे हाच फरक ६-७ फुटांवर येतो. त्यामुळें उत्तर कोंकणांतील उथळ खाड्यांचीं तोंडें दिवसांतून दोनदां उघडतात आणि दोनदां मिटतात. पंचांगांतलें हें साधें गणित १६७९ सालीं राजकारणांत उतरलें.

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यापासून सुमारें तीन मैलांवर खांदेरी हें बेट आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत मुंबईच्या आश्रयास राही. त्यावर नजर ठेवण्यास याहून चांगली जागा नव्हती. त्या वर्षींच्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी माणसें व सामान घेऊन बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. इंग्रजांना आपल्या दारांतच हा पहारा बसलेला कसा रुचावा? त्यांनीं बेटाभोवतीं जहाजें आणून उभीं केलीं. १९ सप्टेंबर रोजीं बेटावर उतरूं पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

१८ ऑक्टोबरच्या पहांटे मराठ्यांचीं सुमारें ५० गलबतें चौलकडून वल्हीं मारीत आलीं. इंग्रजांच्या ‘डव्ह’ गुराबेनें निशाण उतरविलें. (डव्ह म्हणजे पारवा, नांवाप्रमाणेंच वागला म्हणावयाचा!) लहान होड्यांनीं पळ काढला. एकटें ‘रिव्हेंज’ जहाज मात्र कीग्विन व मिंचिन यांच्या हाताखालीं नेटानें लढलें आणि त्याच्या तोफांपुढें मराठी आरमारास मागें हटावें लागलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तीं गलबतें नागोठण्याच्या खाडींत शिरलीं. तेथें उथळ पाण्यांत तीं निर्धास्त होतीं. खोल तळाच्या जहाजास त्यांच्या मागें जाणें म्हणजे ओहोटीबरोबर चिखलांत रुतून बसणें. तेव्हां त्या दिवसाची लढाई इंग्रजांनीं जिंकली असेल. खांदेरी मात्र त्यांच्या हातीं आली नाहीं. वारा पडला कीं शिडाचीं जहाजें जागच्या जागीं थबकत आणि वल्ह्यांच्या होड्या रात्रीं दाणागोटा बेटावर पोंचवीत. इंग्रजांच्या पत्रव्यवहारांत या चपळ होड्यांविषयींचा वैताग उघड दिसतो.

पुढें सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर तट उभारला, तो शह मोठाच होता. पण १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं आपलीं जहाजें काढून घेतलीं व खांदेरी मराठ्यांकडे राहिली. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ती आहे.

जवळच्या अलिबागेस कुलाब्याचा किल्ला महाराजांच्या अखेरच्या काळांत हातीं घेतला गेला आणि पुढें आंग्ऱ्यांचें तें मुख्य ठाणें झालें. तेथें खंदक खणण्याचें कारणच पडलें नाहीं. ओहोटीस माणूस दरवाजापर्यंत पायीं जातो. भरती आली कीं होडी लागते.