चरबी, साखर आणि सिमेंट

तर मंडळी, या वीकांताचा विषय सिमेंट. पदवी इंजिनियरिंगची असली तरी सिव्हिलची नाही, तेव्हा सिव्हिलवाल्यांनी सांभाळून घ्यावं :-)

आयएस 7861 या भारतीय मानकाचे दोन भाग आहेत. पहिला 1975 चा, उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी: हवा 40 अंशांच्या वर गेली की तो लागू. दुसरा 1981 चा, थंडीसाठी: 5 अंश किंवा त्याखाली. दुसरा भाग लेहवाल्यांचा, आपला काय संबंध, असं कुठलाही नागपूरकर म्हणेल. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर आला होता. म्हणजे एकाच गावाला दोन्ही भाग! फक्त आपल्याकडे भिंतीतलं पाणी गोठत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. काँक्रीट कितीही दगडासारखं दिसलं तरी आत बारीक छिद्रं असतात, त्यांत पाणी शिरतं. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, असं हिवाळाभर चाललं की पापुद्रे सुटायला लागतात. याचा इलाज अमेरिकेत 1930 च्या दशकात सापडला, तोही योगायोगाने. न्यूयॉर्क राज्यात सिमेंटच्या रस्त्यांचे काही पट्टे हिवाळ्यामागून हिवाळे टिकत होते, आणि बाकीचे उखडत होते. टिकणाऱ्या पट्ट्यांच्या सिमेंटमध्ये निघाली गुरांची चरबी! दळणं सोपं जावं म्हणून कारखान्यात घातलेली. तिने साबणासारखं काम केलं आणि काँक्रीटमध्ये हवेचे अगदी बारीक बुडबुडे अडकले. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला जागा मिळाली, बस्स. टी. सी. पॉवर्सने 1945 मध्ये या दाबाचं गणित मांडलं. दोन बुडबुड्यांमधलं अंतर साधारण 0.2 मिलिमीटरच्या आत हवं. फुकट काहीच नसतं म्हणा, दर 1 टक्का हवेमागे मजबुती जवळपास 5 टक्के घटते. आणि दाबून काढलेल्या कोरड्या मिश्रणाच्या ब्लॉकमध्ये असे बुडबुडे धरून ठेवणं अजूनच अवघड.

मिश्रणात भलतंसलतं घालणं आपल्याला नवीन नाही. जुन्या चुन्याच्या बांधकामात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. (आता आठवलेले विनोद आपापल्याकडे ठेवा.) चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत सावकाश घट्ट होतो, त्याला गूळ चालतो. पण म्हणून "आजोबांचा फॉर्म्युला" सिमेंटमध्ये वापरायला जाऊ नका. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, आणि साखर नेमकी तीच क्रिया अडवते. 50 किलोच्या गोणीत 25 ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे साखर पडली, तर घट्ट होणं सुमारे 4 तास लांबतं. अर्धा किलो पडली तर गोणी गेलीच समजा.

आता गंमत बघा. हाच दुर्गुण नागपूरच्या मे महिन्यात कामाचा ठरतो. मिक्सर गाडी वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की 44-45 अंशांत माल गाडीतच आवळायला लागतो. अशा वेळी रिटार्डर लागतं, आणि बऱ्याच रिटार्डरांत साखरेचीच भावंडं असतात, मोजूनमापून. साइटवर मात्र सर्रास स्वस्तातला उपाय चालतो: पाण्याचा पाइप. माल मस्त पातळ होतो, स्लॅब गुळगुळीत दिसतो, साहेब खूश. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे छिद्रं राहतात. ही छिद्रं पॉवर्सच्या बुडबुड्यांसारखी सुटी, गोल नसतात. एकमेकांना जोडलेली असतात आणि पावसाळ्यात लोखंडापर्यंत पाणी नेतात. ज्यांनी आयुष्यभराच्या कर्जावर फ्लॅट घेतलाय, त्यांनी स्लॅबच्या दिवशी एक चक्कर मारायला हरकत नाही.

मानकाच्या पहिल्या भागात यावर साधी सोय आहे: खडी सावलीत ठेवा, ढलाई संध्याकाळी किंवा रात्री करा, आणि पाण्यातला काही हिस्सा बर्फाचा घाला. हो, बर्फ! मिक्सिंग संपायच्या आत तो पूर्ण वितळला पाहिजे, एवढीच अट.