गेमचा स्टुडिओ आणि घरखर्चाची वही

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक वेगळाच कर्जअर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही. एका ताईंच्या मुलीला कॉम्प्युटरवर खेळायचे गेम बनवायचा स्टुडिओ काढायचा होता, घरातूनच, एकटीनं. त्यासाठी लॅपटॉप हवा होता. एक काकू म्हणाल्या, "पोरांच्या हातातनं मोबाईल सुटंना म्हणून आपण ओरडतोय, आन् ही आणखी गेम करणार?" सगळ्या हसल्या. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. मी बीएला इतिहास घेतलेला. अशी उडी आधी कोणी मारली आणि तेव्हा घर कसं चाललं, हे मी शोधत बसले.

पहिले आठवले दादासाहेब फाळके. तेव्हा गेम नव्हते, पण आपल्याकडं सिनेमा बनवणं तितकंच नवखं होतं. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. आता सिनेमाला पैसा कोण देणार? त्यांनी वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ थोडी थोडी करून फिल्मवर उतरवली. तेवढ्या लहानशा चित्रावर पैसे देणारा तयार झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

दागिन्यांचं सगळे सांगतात. मला त्यांच्या कामाचं जास्त वाटतं. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. घरातली कामं आटोपून रात्री ते काम सरस्वतीबाई करत. रसायनं कालवायची, उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, वर चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांनी हे एकट्यानं केलं, असं आपण सहज बोलून जातो. आपल्या गावाला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी तरी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली ती रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत.

आता गेमकडं येते. लांब जायला नको, पुण्यातच २०१७ मध्ये 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाचा छोटा स्टुडिओ सुरू झाला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड, असे तिघं. त्यांचा गेम 'राजी'. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या जत्रेतून राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवतात आणि दुर्गेनं दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. गेममधले महाल राजस्थानी धाटणीचे, आणि मधली गोष्ट कळसूत्री सावल्यांसारखी सांगितलेली. चित्रांची बाजू श्रुती घोष यांची.

पैशाची बाजू मात्र अवघड होती. त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, १ लाख २० हजार पौंड. तिथला नियम असा की ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक रुपयाही नाही. रक्कम जमली नाही. संस्थापकांपैकी एकाचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. गेम बाजारात आला २०२० मध्ये, म्हणजे सुमारे तीन वर्षं फक्त पैसा जाण्याचाच रस्ता होता. त्याच वर्षी जगातल्या एका मोठ्या गेम पुरस्कारासाठी पदार्पणाच्या गेममध्ये 'राजी'ला नामांकन मिळालं. हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण घर विकण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

खरोखर एकट्यानं केलेला गेमही आहे, आणि तो शेतीचा आहे! आजोबांची पडीक जमीन नातू कसायला घेतो, पेरतो, पाणी घालतो, गावातल्या माणसांशी ओळख करतो. 'स्टारड्यू व्हॅली' त्याचं नाव. अमेरिकेतल्या एरिक बॅरोननं चित्रं, संगीत, गोष्ट, प्रोग्राम सगळं स्वतः केलं. साडेचार वर्षं लागली. २०१६ मध्ये गेम आला आणि तुफान खपला. या वर्षांत तो थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा, आणि घर मुख्यतः चालायचं ते त्याच्या जोडीदारणीच्या, अंबरच्या कमाईवर. खपला म्हणून त्याचं नाव कळतं. न खपलेल्यांची नावं कोण सांगणार?

पुढच्या बैठकीत मुलीला विचारलं, वर्षभर गेममधून पैसा आला नाही तर? तिनं वही उघडली. सकाळी क्लास घेते, ते सोडणार नाही. आधी दोन महिन्यांत एक छोटा गेम करून दाखवणार, वाटाण्याच्या रोपासारखा. गोडो आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. स्टीम या ऑनलाईन दुकानात प्रत्येक गेमला १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के दुकानाकडं जातात. गुगल प्लेचे २५ डॉलर एकदाच. हिशोब चोख होता. जुना लॅपटॉप घ्यायचा ठरलं आणि अर्धं कर्ज मंजूर झालं.

तिची आई गप्प बसून होती. मी विचारलं, "ताई, तुमचं काय म्हणणं?" त्या म्हणाल्या, "तिच्या वाटणीचं घरातलं काम आता मी ओढणार, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?" वहीत तसा रकाना नाही. सचिवताईंनी समासात लिहून घेतलं. पहिला हप्ता १० तारखेला आहे.