पर्वतीवरील सूर्यास्त

पुण्याच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या पर्वतीला पर्वत म्हणणे हे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला थोडे धाडसाचेच वाटेल. शंभराच्या वर तीन, अशा १०३ पायऱ्या चढल्या की माथा येतो. पायऱ्या रुंद आणि बेताच्या उंचीच्या आहेत. वयस्कर माणसेही त्या सावकाश चढतात. आमच्याकडची शिकायला गेलेली मुले पहिल्या वर्षी तेथे जातात, त्यांना भेटायला गेलेले आईवडीलही जातात. सायंकाळी कठड्याशी उभे राहिले की नैर्ऋत्येला सिंहगडाची रेघ दिसते, सूर्य डोंगरांच्या रांगेमागे उतरतो आणि खाली शहरात एकामागून एक दिवे लागतात. एवढे पाहून मंडळी समाधानाने परततात. तथापि या टेकडीवरून पाहिल्या गेलेल्या एका सूर्यास्ताशी आपल्या समाजाचाही संबंध आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

पर्वतीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली उभारले. त्याच्या दहाच वर्षे आधी, १७३९ मध्ये, नानासाहेबांचे चुलते चिमाजी अप्पा यांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला होता. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत पेशव्यांचे नाव निघाले की आठवण होते ती या वेढ्याची, ओस पडलेल्या चर्चची आणि देशभरच्या देवळांत जाऊन टांगल्या गेलेल्या घंटांची. ही आठवण खरी आहे, परंतु ती अर्धी आहे.

नानासाहेबांचा अंतही याच टेकडीवर झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर वडील मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. त्या आघातातून ते सावरले नाहीत आणि २३ जून १७६१ रोजी त्यांनी पर्वतीवर देह ठेवला.

यानंतरची तीस वर्षे मराठी राज्याने आपल्या सैन्याची घडी बदलण्यात घालविली. घोडदळाच्या जोडीला बंदुकधारी कवायती पायदळ हवे, हे सर्वांना पटू लागले होते. ती कवायत ज्यांना येत होती त्यांत गोव्याकडचे आणि पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती सैनिक व अंमलदार होते. पुण्यात त्यांची वस्ती वाढली. दोम मिगेल दे नोरोन्हा हा त्यांच्यातील एक अधिकारी. या ख्रिस्ती शिपायांना उपासनेसाठी स्थान असावे म्हणून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली, आणि त्या जागेवर शहरातील पहिले चर्च उभे राहिले. क्वार्टर गेटजवळचे, 'सिटी चर्च' या नावाने सर्वांना ठाऊक असलेले निष्कलंक मातेचे चर्च ते हेच. वसई घेतल्याला तेव्हा ५३ वर्षे झाली होती. ज्या घराण्याने वसईचे राज्य घेतले, त्याच घराण्याने आपल्या राजधानीत चर्चला जमीन दिली. यात केवळ औदार्य पाहणे भाबडेपणाचे होईल; चांगला शिपाई टिकवायचा तर त्याच्या देवालाही जागा द्यावी लागते, हे पेशव्यांच्या कारभाऱ्यांना कळत होते. मात्र देणाऱ्याचा हिशेब काहीही असो, घेणाऱ्यांनी त्या मिठाला जागून दाखविले. त्याची साक्ष पर्वतीवरूनच पाहिली गेली.

तो दिवस ५ नोव्हेंबर १८१७ चा. दुसरा बाजीराव आणि इंग्रज यांचे संबंध तुटले होते. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या दुपारी संगमावरील आपला बंगला सोडून खडकीच्या छावणीकडे गेला, आणि त्याच्या पाठोपाठ तो बंगला ग्रंथ-कागदांसह जळाला. बापू गोखल्यांच्या हाताखाली पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने मैदानात उतरली. समोर कर्नल बर याच्या हुकमतीखाली इंग्रजांचे सुमारे २,८०० लोक होते. मराठ्यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट होती. बाजीराव स्वतः मात्र रणात नव्हता. पर्वतीवरील तटाच्या खिडकीतून तो लढाई पाहत होता. ती जागा आजही दाखविली जाते. तेथून लढाईचे मैदान उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर येते. इतक्या अंतरावरून धूर आणि धूळ दिसते, माणूस दिसत नाही.

जे त्याला दिसले नसेल ते ग्रांट डफने लिहून ठेविले आहे. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हा इंग्रज अधिकारी त्या मैदानावर हजर होता. दुपार कलताना लढाई पेटली. पेशव्यांच्या बाजूने सर्वांत आधी इंग्रजांच्या रांगेला जाऊन भिडली ती मेजर पिंटोची कवायती पलटण. डफ त्याला पोर्तुगीज म्हणतो. परंतु त्या काळचे इंग्रज गोव्याच्या ख्रिस्ती माणसालाही सरसकट पोर्तुगीज म्हणत, हे लक्षात ठेवावे. पलटणीतील सगळेच शिपाई ख्रिस्ती नव्हते हे उघड आहे. पण सिटी चर्चच्या वस्तीतून निघालेली माणसे पेशव्यांच्या निशाणाखाली उभी असतील तर ती येथेच.

पिंटोच्या लोकांना मुंबईच्या सातव्या पलटणीने मागे रेटले. त्या भरात सातव्या पलटणीतील शिपाई रांग मोडून पाठलागाला धावले, आणि बापू गोखल्यांनी नेमका हाच क्षण हेरून आपले घोडदळ त्या खिंडारावर सोडले. दैव मात्र फिरले होते. वाटेत एक दलदल होती, ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती. भरधाव घोडे तिच्यात रुतले, मागचे पुढच्यांवर आदळले, आणि तोवर बरने आपली रांग पुन्हा सावरली. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित रणात पडले. अंधार पडेपर्यंत मराठी फौजेची सुमारे ५०० माणसे मृत वा जखमी झाली होती, इंग्रजांची ८६.

नोव्हेंबरच्या प्रारंभी पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. लढाई त्याच वेळी विझत होती. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पर्वतीच्या खिडकीतून पाहणारा धनी पुढे आठ लाख रुपये सालाच्या तनख्यावर बिठूरला जाऊन बरीच वर्षे जगला. पिंटोच्या पलटणीतील शिपायाला तनखा नव्हता. शाळेच्या पुस्तकांतून आपण गोखले वाचतो, बाजीराव वाचतो; पिंटो वाचत नाही. 'परक्यांचा धर्म घेतलेले लोक' असे आपल्याला कधी कोणी ऐकविले, तर त्या संध्याकाळी मैदानात कोण होते आणि टेकडीवर कोण होते, हे सांगता यावे एवढी माहिती तरी आपल्या घरांत असायला हवी.

पर्वतीचा इतिहास येथेच थांबता तर तो केवळ एका राज्याच्या अस्ताचा राहिला असता. परंतु १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच पायऱ्यांवर वेगळी माणसे आली. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाने मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह आरंभिला. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुणही त्यांच्या बाजूने उभे राहिले. सत्याग्रहींवर दगड पडले, राजभोज जखमी झाले, आणि सत्याग्रह पुढच्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत चालूनही दार उघडले नाही. ते उघडण्यासाठी १९४७ चा मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा यावा लागला. आपल्या चर्चमध्येही जातीनुसार बाके आणि बंधुसंघ वाटले जात होते, हे ठाऊक असणाऱ्याने या प्रकरणावर फार मोठ्या आवाजात बोलू नये.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा उंच जागेच्या शोधात कित्येक पुणेकरांनी पर्वतीच्या पायऱ्या गाठल्या. टेकडीवरून त्या दिवशी त्यांनी जे पाहिले ते पाहण्याची इच्छा कोणीच केली नसती.

आता तेथे जाणारे वाचक सूर्यास्ताच्या थोडे आधी पोहोचले तर बरे. प्रथम उत्तरेची खिडकी पाहावी. मैदान आता इमारतींनी भरून गेले आहे. मग ईशान्येकडे वळावे. क्वार्टर गेट त्या दिशेला आहे.