नव्या लेखाची वर्दी

ज्याला वाचनाची गोडी आहे त्याला दोन दुःखें ठाऊक असतात. वाचायला कांहींच नसणें हें एक. आणि वाचण्यासारखें कोठें तरी प्रसिद्ध झालेलें असून त्याचा आपल्याला पत्ता नसणें, हें दुसरें. पहिल्या दुःखाचा परिहार इंटरनेटनें पुरता केला. दुसरें मात्र शतपट वाढविलें. छापील मासिकाचा अंक ठरल्या तारखेला टपालानें घरीं येतो. संकेतस्थळाला अशी तारीख नाहीं. एखादा लेखक दोन महिने गप्प बसतो आणि एका दुपारीं तीन लेख लिहून मोकळा होतो. त्याचा रसिक वाचक रोज जाऊन पाहणार तरी किती दिवस? आणि अशीं आवडतीं स्थळें चाळीस असलीं म्हणजे? ह्या अडचणीवर १९९९ सालीं जो तोडगा निघाला त्याला फीड म्हणतात. त्याचा इतिहास उण्यापुऱ्या पाव शतकाचा आहे. पण वाचकानें काय वाचावें आणि कोणत्या क्रमानें वाचावें हें ठरवावयाचें कोणीं, हा प्रश्न त्यांत पहिल्यापासून दडलेला आहे.

फीडची रचना इतकी साधी आहे कीं ती ऐकून पुष्कळांची निराशाच व्हावी. प्रत्येक स्थळ एका कायमच्या पत्त्यावर मजकुराची एक फाईल ठेवतें. तींत अलीकडच्या कांहीं लेखांचे मथळे, पत्ते, तारखा आणि थोडा सारांश यंत्राला ओळखतां येईल अशा खुणांनिशीं लिहिलेला असतो. नवा लेख यादीच्या डोक्यावर चढतो. जुना खालून गळून पडतो. वाचकाचा प्रोग्रॅम ठराविक वेळानें त्या पत्त्यावर जाऊन विचारतो, 'कांहीं नवें आहे काय?' असेल तेवढेंच तो घेऊन येतो. म्हणजे येथें टपालवाला नाहीं; घरचाच एक चलाख पोऱ्या वाचनालयांत वरचेवर डोकावून येतो, एवढेंच. पण सारें मर्म त्यांतच आहे. ह्या बिनवर्गणीच्या वर्गणीदाराला आपलें नांव-गांव प्रकाशकाला कळवावें लागत नाहीं. कंटाळा आला कीं त्यानें यादींतून पत्ता पुसावा. त्याची परवानगी कोणाकडे मागावयाची नाहीं. आणि क्रम असतो तो तारखेचा. त्यांत मध्यस्थ नाहीं.

ह्या कल्पनेचा जन्म मात्र अगदीं व्यापारी हेतूनें झाला. नेटस्केप ह्या अमेरिकन कंपनीचें 'माय नेटस्केप' नांवाचें एक पान होतें. वाचकानें आपल्या आवडीच्या बातम्या त्यावर मांडून घ्याव्या आणि रोज तेथेंच यावें, असा कंपनीचा बेत. त्यासाठीं इतर स्थळांनीं आपल्या मथळ्यांची यादी एका ठरलेल्या नमुन्यांत द्यावयाची होती. रामनाथन् गुहा व डॅन लिबी ह्यांनीं तयार केलेला हा नमुना मार्च १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. गुहा हे मद्रासच्या आय. आय. टी.चे पदवीधर. जगांतील ज्ञान यंत्राला उमजेल अशा रीतीनें कसें मांडावें, ह्याचा त्यांना ध्यास. त्यामुळें पहिल्या नमुन्याचा पाया बराच पंडिती थाटाचा होता. चार महिन्यांतच लिबी ह्यांनीं तो पाया काढून नमुना सुटसुटीत केला, आणि डेव्ह वायनर नांवाचे प्रोग्रॅमर १९९७ पासून स्वतःच्या स्थळासाठीं जो नमुना वापरीत होते त्यांतलेंही कांहीं उचललें. नमुन्याचें नांव आर. एस्. एस्. ह्या तीन अक्षरांनीं मराठी माणसाच्या मनांत दुसरीच संस्था उभी राहते, त्याला इलाज नाहीं. गंमत अशी कीं ह्या अक्षरांचा अर्थ काय, ह्याविषयीं त्यांच्या जनकांचेंही एकमत नव्हतें. चार वर्षांत तीन निरनिराळे अर्थ सांगितले गेले.

नेटस्केप तोंवर एओएल ह्या बड्या कंपनीच्या ताब्यांत गेली होती. एप्रिल २००१ मध्यें 'माय नेटस्केप'वरून हा नमुना काढून टाकण्यांत आला. त्याचे कागदपत्रही स्थळावरून उतरविले गेले. पोर जन्माला घालून दोन वर्षांत रस्त्यावर सोडावें, तसा हा प्रकार झाला. पण तें अनाथ झालें म्हणूनच वांचलें, असें म्हणावयास पुष्कळ जागा आहे.

त्याला सांभाळणारे आधींच पुढें आले होते, आणि दत्तकप्रकरणांत होतें तसें भांडणही जुंपलें होतें. डिसेंबर २००० ह्या एकाच महिन्यांत दोन प्रतिस्पर्धी आवृत्त्या निघाल्या. एका मंडळीनें तो पंडिती पाया परत आणून आपल्या आवृत्तीस १.० हा आंकडा दिला. ह्या मंडळींत ॲरन स्वार्ट्झ हा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता. वायनर ह्यांनीं साधेपणाचा आग्रह धरून ०.९२ काढली आणि तींत एक बारीकशी भर घातली: यादींतील नोंदीला ध्वनीची फाईल जोडण्याची सोय. सप्टेंबर २००२ मध्यें त्यांची २.० ही आवृत्ति आली, व जुलै २००३ मध्यें तिचे हक्क त्यांनीं हार्वर्डच्या बर्कमन केंद्राच्या स्वाधीन केले. त्याच सुमारास 'ॲटम' नांवाचा तिसरा पंथ निघाला. तंट्याचा तपशील आज कंटाळवाणा वाटतो. वाचक-प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीं शहाणपणानें सगळेच पंथ वाचण्याची सोय ठेवली, म्हणून वाचकाला त्याची झळ फारशी लागली नाहीं.

खरा धोका निराळ्याच दिशेनें आला. ऑक्टोबर २००५ मध्यें गूगलनें 'गूगल रीडर' हें आपलें वाचनगृह उघडलें. तें फुकट होतें आणि उत्तम होतें. वडाच्या झाडाखालीं दुसरें झाड जोम धरीत नाहीं. तशी इतर वाचनगृहांची गत झाली. पुढल्याच वर्षीं, सप्टेंबर २००६ मध्यें, फेसबुकनें आपल्या पानावरील बातम्यांच्या प्रवाहाला 'न्यूज फीड' असें नांव दिलें. नांव तेंच, पण अर्थ उलटला. कारण येथें कोणती बातमी वर यावी हें कंपनीचें गणित ठरवूं लागलें. लोक तिकडे वळले. १३ मार्च २०१३ रोजीं गूगलनें वापर घटल्याचें कारण देऊन रीडर बंद करण्याचें जाहीर केलें. लाखावर लोकांनीं सह्या करून विनवणी केली, तरी १ जुलैला दारें लागलीं.

फीड मेलें, असें त्या वेळीं पुष्कळांनीं लिहिलें. पण बंद झालें होतें तें वाचनगृह. फाईली आपापल्या स्थळीं जशाच्या तशा होत्या, आणि वाचकांना आपल्या आवडीच्या स्थळांची यादी उतरवून घेऊन दुसऱ्या वाचनगृहांत जातां आलें. हजारों मित्र जमविलेल्या फेसबुकच्या माणसाला असें बिऱ्हाड हलवितां येत नाहीं.

डिसेंबर २०१८ मध्यें फायरफॉक्स ब्राउझरनेंही फीड वाचण्याची आपली अंगची सोय काढून टाकली. त्या ०.९२ मधल्या बारीकशा भरीचें मात्र भाग्य मोठें. नभोवाणीवरील भाषण ठरल्या वेळीं ऐकलें नाहीं तर एरवीं तें हवेंत विरून जावयाचें. ध्वनीची फाईल फीडला जोडली कीं तें श्रोत्याच्या यंत्रांत येऊन त्याची वाट पाहत बसूं लागलें. २००४ मध्यें त्याला पॉडकास्ट हें नांव सुचलें, २००५ मध्यें ॲपलनें त्याला आपल्या दुकानांत जागा दिली. आज स्वयंपाक करतांकरतां किंवा लोकलच्या गर्दींत उभ्याउभ्या जीं पॉडकास्ट ऐकलीं जातात, त्यांतलीं बहुतेक ह्याच जुन्या फाईलींतून येतात. ऐकणाऱ्यांनीं तिचें नांवही ऐकलेलें नसतें.